मार्गशीर्ष कृष्ण सप्तमी

आमच्या भागाचे आमदार सूरजकरणजी बोहरा दर दिवाळीला एक पत्रक काढायचे. गुलाबी कागद, चार पानं, आणि त्यांचा माणूस ते घरोघर आणून द्यायचा. पहिल्या दोन पानांवर देश आणि उरलेल्या दोनांवर आदर्श नगर. म्हणजे एका पानावर पाकिस्तानशी नद्यांच्या पाण्याचा करार, आणि पान उलटलं की आमच्या गल्लीत नळाला पाणी का येत नाही त्याची कारणं. करार झाला होता, पाणी आलं नव्हतं. आम्ही मराठी मंडळी ते पत्रक दरवर्षी मोठ्यानं वाचायचो आणि हसायचो. परक्या गावात माणसाला हसायला काहीतरी लागतंच.

मी मधुमती. आमचे हे विमा महामंडळात, आणि जयपुरात येऊन आम्हाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. आदर्श नगरात आणि आसपास मिळून मराठी घरं दहा-बारा. पाडव्याच्या संध्याकाळी सगळी एकाच्या घरी फराळाला जमायची. साठ सालच्या दिवाळीत, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, जमलो ते वाळिंबेमामांकडे.

उमाकांतराव वाळिंबे हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातले अधिकारी. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना सरकारनं त्यांना पुण्याहून इकडे धाडलं, ते उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. बायको केव्हाच वारलेली. घर सांभाळायला भाची, शालन. ती ‘मामा’ म्हणायची म्हणून आम्ही सगळेच मामा म्हणू लागलो. माणूस नीटनेटका, कोटाची बटणं गळ्यापर्यंत, आणि पंचांगात पक्का. मला स्वतःला दोनच तिथी कळतात, पगाराची एक तारीख आणि महिनाअखेर. त्यामुळे एकादशी कधी, संकष्टी कधी, सासऱ्यांचं श्राद्ध कधी, हे मी त्यांनाच विचारायची आणि त्यांचं कधी चुकायचं नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल म्हातारा बावळट होता. बावळट मुळीच नव्हता. शहाणा होता, आणि घोळ तिथेच होता.

शालन एकतीस-बत्तीस वर्षांची. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. कोरेगावला दिराच्या घरी सात वर्षं चूल फुंकली. तिथून मामांनी तिला घर बघायला म्हणून आणली, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळा श्वास घ्यायला लागली. आता मार्चअखेर मामा निवृत्त होणार आणि पुण्याला मुलाकडे, जयंताकडे, जाणार. जयंताच्या दोन खोल्या, त्यात पाच माणसं. शालनसाठी कोपरासुद्धा नव्हता. म्हणजे पुन्हा कोरेगाव. याबद्दल मामा कधी बोलत नसत. शालन मात्र माझ्याकडे पीठ चाळायला बसली की स्पष्ट म्हणायची, “वहिनी, मला तिथे जायचं नाही. मारतात असं नाही हो. पण मी तिथे कुणीच नाही. जेवायला वाढताना सगळ्यांची पानं मोजतात, आणि माझं पान मोजायचं राहून जातं.” शिकवण्याचं प्रशिक्षण तिनं लग्नाआधी पुरं केलं होतं, हिंदीच्या परीक्षाही दिल्या होत्या. लिहायची सुरेख. बोलताना मात्र जीभ अडखळायची.

तर पाडव्याची संध्याकाळ. चकल्या खुसखुशीत, चिवडा थोडा तिखट. मामा आरामखुर्चीत, हातात पत्रक आणि खिशातली लाल पेन्सिल. सरकारी सवय, कागद हातात आला की पेन्सिल आपोआप बाहेर. पहिलीच ओळ वाचली आणि मामा थांबले.

“ऐका, ऐका. ‘कार्तिक अमावस्या, दीपावली.’ कार्तिक! अहो, दिवाळीची अमावास्या अश्विनातली. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हे आमदार म्हणे!”

सगळे हसले. मामांनी ‘कार्तिक’वर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात ‘अश्विन’ लिहिलं. पुढे देशाच्या बातम्या आल्या. गावोगावी पंचायत राज सुरू होऊन वर्ष झालं, चंबळेवरचं काम पुरं होत आलं, शेर जाऊन किलो येणार तेव्हा भगिनींनी घाबरू नये. आणि दोन नवी राज्यं झाली त्याला अर्धी ओळ. अर्धी! तीही गुजरातशी वाटून. आमचे हे म्हणाले, “एवढी माणसं गेली त्यापायी, आणि यांना अर्धी ओळ पुरली.” तिथे मात्र कुणी हसलं नाही.

मग पान उलटलं आणि आदर्श नगर आलं. गटारं, दिवे, पोस्ट. आणि शेवटून दुसरी बातमी अशी की मोहल्ल्यात मुलींची नवी शाळा निघते आहे, समितीचे अध्यक्ष स्वतः बोहराजी, चार अध्यापिका हव्यात, बाहेरच्या प्रांतातल्या शिकलेल्या भगिनींचंही स्वागत आहे, बाहेरगावच्यांना शाळेच्या आवारात राहायला खोली मिळेल. इच्छुकांनी मार्गशीर्ष कृष्ण सप्तमीला सकाळी घाट दरवाजाच्या आत, बोहराजींच्या घरी समक्ष भेटावं.

शालन लाडू वाढत होती. तिचा हात ताटावरच थांबला. खोली मिळेल, हे मामांनी वाचलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाई गं, मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

“मामा, ही सप्तमी कधी येते?” तिनं विचारलं.

मामांना भिंतीवरचं पंचांग काढायचीही गरज पडली नाही. “मार्गशीर्ष वद्य सप्तमी. अजून कार्तिक जायचा, मग मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, मग वद्य. डिसेंबरात येईल. भरपूर वेळ आहे, तयारी कर.”

आता तुम्हाला सांगते ते मला पुढे कळलं. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमा झाली की बदलतो, आपला अमावास्या झाल्यावर. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच. वद्य पक्ष लागला की यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे. म्हणून आपल्या अश्विनातली अमावास्या यांची कार्तिकातली, आणि आपल्या कार्तिकातली वद्य सप्तमी यांची मार्गशीर्षातली. दिवस तोच, चंद्र तोच, एकादशी-संकष्टीही त्याच दिवशी. म्हणून तर इतकी वर्षं इथे राहून माझ्यासारखीच्या कधी लक्षात आलं नाही. मामांच्या हातात मात्र ते पहिल्याच ओळीत आलं होतं. त्यांनी ते लाल पेन्सिलीनं सुधारलं.

दुसऱ्या दिवसापासून शालनची तयारी सुरू झाली. दुपारी मागचं आवरलं की ती माझ्याकडे यायची आणि आम्ही हिंदीत बोलायचो. मी आमदार व्हायची. मी विचारायची, “आप बच्चियों को क्या पढ़ाएँगी?” ती घामाघूम. हळूहळू जमायला लागलं. मग मी तिला बाजारात नेऊन भाजीवालीशी भाव करायला लावायची. भाजीवाली बोलायची ते मारवाडी वळणाचं. शालन तेही उचलायला लागली, आणि एकदा तिनं मुळ्याच्या जुडीवरून त्या बाईला असं काही ऐकवलं की ती पदर तोंडाला लावून हसली. घरी येताना शालन म्हणाली, “वहिनी, इथे मला कुणी अमक्याची सून म्हणून ओळखत नाही. किती बरं वाटतं.”

अशाच एका सकाळी, नोव्हेंबराचा मध्य असेल, आम्ही दोघी घाट दरवाजातून आत गेलो. बोहराजींच्या घराशी टांगे उभे होते. चांगल्या साड्या नेसलेल्या पाच-पंचवीस बायका ओट्यावर, काही पायऱ्यांवर. देवउठी, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी होऊन गेलेली, म्हणून इकडे लग्नसराई. मी म्हटलं, “यांच्याकडे लग्न दिसतंय.” शालन थांबून बघत राहिली. “सनई नाही वाजत,” ती म्हणाली. “श्रीमंतांकडे बँड येतो, तो अजून यायचा असेल,” मी म्हटलं, आणि आम्ही बाजारात गेलो. त्या दिवशी वांगी फार स्वस्त होती, हे मला अजून आठवतं.

डिसेंबरात मामांची सप्तमी आली. थंडी अशी की नळाखाली हात धरवेना. मामांनी मफलर, कानटोपी, वर कोट, असा जामानिमा केला. शालननं पांढऱ्यावर निळ्या काठाची साडी नेसली आणि प्रमाणपत्रं कापडी पिशवीत घेतली. मामांची हिंदी म्हणजे लाकडी तलवार, म्हणून मला बरोबर घेतलं. टांग्यात शालन मनाशी उत्तरं म्हणत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते.

बोहराजींचा ओटा मोकळा. एक मुनीम उन्हात बसून शेंगा खात होता. त्यानं आम्हाला आत नेलं. बोहराजी साठीचे, ठेंगणे, डोक्याला पगडी, पांढऱ्या मिशा, बोलणं अगदी मऊ. मी आमचं काम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बहनजी, वह तो हो गया. महीना भर हुआ. चारों अध्यापिकाएँ रख लीं.”

शालनच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

“कैसा हो गया?” मामा म्हणाले. “आज सप्तमी है.”

“आज सप्तमी है, पर पौष की.”

“पौष? आज मार्गशीर्ष वद्य सप्तमी!” मामांनी कोटाच्या आतून घडी केलेलं गुलाबी पत्रक काढलं आणि चौरंगावर पसरलं. “आपका महीनाच गलत. ये देखो, पहिलीच ओळ. दिवाली कार्तिक में नहीं आती. हमने दुरुस्त किया है.”

बोहराजींनी आपलं पत्रक पाहिलं. लाल अक्षरं पाहिली. मुनीम दारातून मान काढून बघत होता, त्याला हसू आवरेना. बोहराजींना राग आला नाही, तेच मला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, पूनम झाली की आमच्याकडे महिना बदलतो, शेकडो वर्षं बदलतो. मी ते मराठीत मामांना सांगत गेले आणि सांगता सांगताच मला आठवलं. तो टांग्यांचा दिवस, ओट्यावरच्या त्या बायका. शालननं माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच आठवलं होतं.

माणसानं एवढ्यावर गप्प बसावं ना? छे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मामांनी शालिवाहन शकापासून सुरुवात केली. शास्त्र काय म्हणतं, गणित काय म्हणतं, अमावास्येला महिना संपवण्यात कसा अर्थ आहे. अर्धं मराठीत, अर्धं त्यांच्या त्या हिंदीत. भाचीचं सगळं आयुष्य तिथे जमिनीवर सांडलं होतं आणि हा गृहस्थ चंद्राच्या कला समजावत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परक्या माणसासमोर आपल्या वडीलधाऱ्याला बोलायचं कसं?

“साहब,” बोहराजी शेवटी म्हणाले, “नर्मदा के दक्षिण का हिसाब नर्मदा के दक्षिण में. यहाँ यहाँ का.” मग त्यांनी शालनकडे वळून विचारलं, “आप क्या पढ़ाती हैं, बेटी?”

शालन बोलली. गणित, भाषा, शिवणकाम. कोणत्या इयत्तांना, कसं. एकदाही अडखळली नाही. मला वाटतं, आता गमवायचं काही उरलंच नाही म्हणून तिची जीभ सुटली. बोहराजी मिशीवरून बोट फिरवत ऐकत राहिले.

मग म्हणाले की चारांतली एक कोट्याला जायची आहे, तिच्या नवऱ्याची बदली झाली. एक जागा होईल. पण समितीत पाच माणसं, त्यातले दोघे खोड काढण्यातच पटाईत. ते विचारणार, ही बाई दिलेल्या दिवशी आली नाही, मग मागच्या दारानं कशी घेतली? तेव्हा एक ओळ लिहून द्या, ‘तिथी समजण्यात आमच्याकडून भूल झाली, म्हणून उशीर.’ बस्स. पालक म्हणून साहेबांनी सही केली तर आणखी चांगलं, सरकारी अधिकाऱ्याची सही आहे.

मुनीमानं कागद आणि दौत आणून मामांपुढे ठेवली.

मामांनी कागदाकडे पाहिलं. कोटाचं वरचं बटण चाचपलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “त्यांना सांगा, मी खोटं लिहीत नाही. भूल आमची नाही.”

“मामा,” मी म्हटलं, “एक ओळ आहे हो.”

“एक ओळ असो की शंभर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. न केलेली चूक कबूल करून मी सही करू? तिथी आमची बरोबर होती. त्यांनी लिहावं की पत्रकात घोटाळा होता. मी खुशाल सही करतो.”

“ये क्या कह रहे हैं?” बोहराजींनी मला विचारलं. मी काय सांगणार, कप्पाळ! मी म्हटलं, विचार करतायत.

शालन उठली. खाली पडलेली पिशवी तिनं उचलून माझ्याजवळ दिली आणि मामांच्या समोर येऊन बसली.

“मामा, तुमचं पंचांग बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण तुम्ही मार्चमध्ये जाणार. राहायचं मला आहे.”

तिनं कागद आपल्याकडे ओढला, टाक बुडवला आणि लिहिलं. एकच ओळ नाही, चांगल्या चार-पाच ओळी, सुरेख वळणदार हिंदीत. खाली सही केली, सहीखाली पूर्ण नाव. बोहराजींनी वाचलं, मान डोलावली आणि मुनीमाला म्हणाले, चौथी जागा, पौष उतरला की रुजू. मग हसून शालनला म्हणाले, “हमारा पौष, बेटी.” तीही हसली. “जी, आपका,” ती म्हणाली.

परत निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं. टांग्यात मामा पुढे बसले, आम्ही दोघी मागे. मला वाटलं आता म्हातारा रागावणार, किंवा रडणार. शालनलाही तसंच वाटत असावं, ती त्यांच्या पाठीकडेच बघत होती.

घाट दरवाजा ओलांडल्यावर मामांनी मान न वळवता विचारलं, “चूक कुणाची लिहिलीस?”

“माझी.”

“माझं नाव?”

“कुठेच नाही.”

मामांचे खांदे सैल पडले. सकाळपासून ताठ बसलेला माणूस जरा मागे रेलला. “मग ठीक आहे,” ते म्हणाले. एवढंच. तिला नोकरी लागली याबद्दल एक शब्द नाही. मी खरंच संतापले. काहीतरी लागेलसं बोलणार होते, शालननं माझा हात दाबला.

“ठीकच आहे, मामा,” ती म्हणाली. “नाव नवऱ्याचं, घर दिराचं, आधार तुमचा. माझ्या नावावर आजपर्यंत काहीच नव्हतं. आता ही चूक आहे.”

टांगेवाल्यानं विचारलं, कुठे वळू? आणि उत्तर शालननं दिलं.